खोल समुद्रावर गळ टाकण्यापूर्वीं



वाळूंत बसून लाटा पाहणें आणि किनाऱ्याची रेघ पुसट होईपर्यंत आंत जाऊन गळ टाकणें, या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे हें आपण शहरांतील माणसें सहसा ध्यानांत घेत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत कोंकण आणि गोवा या भागांत पाहुण्यांना बोटींतून खोल पाण्यावर मासे धरण्यास नेण्याचा व्यवसाय वाढला आहे. चार-सहा मित्र मिळून एक बोट दिवसभरासाठीं भाड्यानें घेतात. बोटीबरोबर तांडेल येतो, एखाद-दुसरा खलाशी येतो, गळ आणि दोऱ्या बहुधा त्यांच्याच असतात. आणि सायंकाळीं सुरमई हातांत धरून काढलेलें छायाचित्र सगळ्या नातेवाइकांकडे रवाना होतें. छंद उत्तम आहे. मला स्वतःला तो पुष्कळ वर्षें जडलेला आहे, तेव्हां त्याची निंदा करण्यासाठीं मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. परंतु या सहलीची तयारी म्हणजे टोपी, डबा आणि कॅमेरा, अशी जी समजूत आहे ती मात्र बदलावी असें मला वाटतें. आणि तसें वाटण्यास कारण घडलेलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशीं आम्ही पांचजण दक्षिण कोंकणांतील एका खाडीच्या बंदरांतून निघालों. पहांटेचा समुद्र तेलासारखा शांत होता. दोन तास आंत गेल्यावर बोट थांबवून आम्हीं गळ टाकले. साडेनवाच्या सुमारास तांडेलानें एकवार पश्चिमेकडे पाहिलें, एकवार घड्याळाकडे पाहिलें, आणि म्हणाला, "सायबांनु, आतां मागें फिरूंया." मासा त्याच वेळीं लागूं लागला होता. आमच्यापैकीं एका गृहस्थांनीं त्याला शांतपणें आठवण करून दिली कीं, बारा हजार रुपये दिवसाचे ठरले आहेत, अर्ध्या दिवसाचे नव्हेत. तांडेल गप्प बसला. मीहि गप्प बसलों, हें सांगितलें पाहिजे. आणखी दीड तास आम्हीं मासे धरले. एक वाजतां खाडीच्या तोंडाशीं आलों तेव्हां ओहोटीचें पाणी वेगानें बाहेर पडत होतें, वाढलेला वारा समोरून येणाऱ्या लाटा आंत लोटीत होता, आणि दोहोंच्या मध्यें वाळूच्या दांड्यावर पाण्याची पांढरी भिंत उभी राहत होती. दोनदां बोट आडवी झाली. जीवरक्षक जाकिटें बोटीवर होतीं. पण तीं बर्फाच्या पेट्यांखालीं एका दोरीनें घट्ट बांधून ठेवलेलीं होतीं. कोणालाहि इजा झाली नाहीं. आमच्यांत माझा सोळा वर्षांचा पुतण्या होता. त्यानें माझा दंड धरला होता, त्याच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशींहि दिसत होते.

चूक तांडेलाची होती असें मला त्या वेळीं वाटलें. आज वाटत नाहीं. तोच माणूस आपल्या भावांबरोबर मासेमारीस आला असता तर साडेनवाला बिनदिक्कत फिरला असता, कारण तेथें त्याला कोणाची परवानगी घ्यावयाची नव्हती. आमच्या भाड्यानें तो बोटीवर असेतोंपर्यंत आमचा नोकर झाला होता, आणि नोकराला धन्याचा हिरमोड करण्याचें धैर्य सहसा होत नाहीं. समुद्राचें ज्ञान बोटीवर एकाच माणसापाशीं होतें, आणि नेमकी त्याचीच जीभ आम्हीं पैशानें बांधून टाकली होती. म्हणून माझ्या मतें तयारीचा पहिला भाग ना गळांचा, ना डब्यांचा. तो पैशाच्या बोलणीचा आहे.

ही बोलणी आदल्या दिवशीं, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट शब्दांत व्हावी. मी आतां तांडेलास असें सांगतों: निघावयाचें कीं नाहीं हें तूं ठरवावेंस, तूं पहांटे नको म्हणालास तर अर्धें भाडें तुझें, आणि समुद्रावरून कोणत्याहि क्षणीं परत फिरलास तरी पुरें भाडें तुझें, मासा मिळो वा न मिळो. ऐकणाऱ्यास हा व्यवहार आंतबट्ट्याचा वाटेल. पण पांचजणांत वांटलें म्हणजे फार तर एका हॉटेलांतील जेवणाएवढी रक्कम प्रत्येकाच्या वांट्यास येते, आणि तेवढ्यांत तांडेलाचा निर्णय आपल्या पाकिटापासून मोकळा होतो. दुसरें, आपल्या मंडळींतून एकानेंच त्याच्याशीं बोलावें असें ठरवून टाकावें. पांच तोंडांनीं विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देत बसलेल्या माणसाचें लक्ष लाटांवर राहत नाहीं.

आतां, त्या दिवशीं तांडेलानें घड्याळ कां पाहिलें, हें सांगतों. कारण दिवस कसा निवडावा याचें सारें मर्म त्यांत आहे. आपल्या किनाऱ्यावर जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली कीं भरती पुरी होण्याचा तास ठोकळमानानें मिळतो. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. नेमकी वेळ छापील कोष्टकावरून पाहावी हें खरें, पण हिशेब म्हणून ही रीत फार सोयीची आहे. पौर्णिमेस साडेनवाला परत फिरलों असतों तर दोन तासांनीं, म्हणजे भरती नुकतीच पुरी होऊन पाणी स्तब्ध असतांना, आम्ही खाडीच्या तोंडाशीं पोंचलों असतों. आम्ही पोंचलों एक वाजतां. तोंवर ओहोटीला चांगला जोर चढला होता. त्यांत पौर्णिमा आणि अमावास्या हे उधाणाचे दिवस. पाणी जितकें अधिक चढतें तितकें अधिक ओसरतें आणि खाडीच्या अरुंद तोंडांतून तितक्याच वेगानें बाहेर पडतें. बाहेर जाणारा प्रवाह आणि आंत येणारी लाट समोरासमोर आलीं कीं लाटेची लांबी आंखडते, उंची वाढते, आणि उथळ जागीं ती फुटते.

वाऱ्याचेंहि असेंच वेळापत्रक आहे. पावसाळा संपल्यावर रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते आणि पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो. याला मतलई वारा म्हणतात. पहांटेचा समुद्र शांत दिसतो तो याच्याच कृपेनें. सूर्य वर आला कीं जमीन तापते, वारा फिरतो, आणि दुपारीं समुद्रावरून खारा वारा जोरानें येऊं लागतो. नवशिका मनुष्य पहांटेच्या पाण्यावरून दिवसाचा अंदाज करतो, आणि तेथेंच फसतो. उधाणाच्या दिवशीं दुपारभर ओहोटी आणि दुपारभर खारा वारा अशी गांठ पडते. उलट अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. प्रवाह सौम्य, आणि दुपारीं बारानंतर पाणी चढतें असल्यामुळें प्रवाह आणि वारा दोन्ही एकाच दिशेनें, बोटीला घराकडे नेणारे. अगदीं बाराच्या ठोक्याला मात्र येऊं नये, दांड्यावर पाणी थोडें असतें. तास-दोन तास भरती चढूं द्यावी. प्रथमच जाणाऱ्यांनीं रविवार कोणता मोकळा आहे हें पाहण्याआधीं तिथि कोणती आहे हें पाहावें.

ऋतूविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत कोणी नेतों म्हणाला तर त्याच्याशीं बोलणेंच थांबवावें. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. पण त्यांतल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांस अरबी समुद्रांतील चक्रीवादळांची दुखरी बाजू आहे. २००९ सालीं 'फयान' वादळ नोव्हेंबरच्या ११ तारखेस अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें आणि कोंकणांतील कित्येक मच्छीमार घरीं परतले नाहींत. २०१७ च्या अखेरीस 'ओखी' वादळांत केरळ आणि तमिळनाडूच्या नौका वाहवत, जीव वाचवीत देवगडच्या बंदरांत आश्रयास आल्या होत्या. हीं जन्मभर समुद्रावर राहणारीं माणसें. म्हणून निघण्यापूर्वीं तीन दिवस रोज हवामानखात्याचा मच्छीमारांसाठींचा इशारा वाचावा. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांच्या उंचीचा आणि वाऱ्याचा अंदाज देतें तोहि पाहावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर सामान गाडींतून काढूंच नये. आणि आकाश निरभ्र आहे, वारा पडला आहे, एवढ्यावरहि विसंबूं नये. दूर दक्षिणेकडील महासागरांत उठलेल्या लांब लाटा हजारों किलोमीटर प्रवास करून वाऱ्याशिवायहि आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात.

खोल समुद्र म्हणजे किती खोल, हा प्रश्न मला पुष्कळदां विचारला जातो. आपला पश्चिम किनारा या बाबतींत थोडा फसवा आहे. मुंबईसमोर पाण्याखालचें उथळ पठार सुमारें तीनशें किलोमीटर पसरलेलें आहे. दक्षिणेकडे तें अरुंद होत जातें. त्यामुळें वीस-तीस किलोमीटर जाऊनहि बोटीखालीं खोली बेताचीच असते, पण किनाऱ्यापासूनचें अंतर मात्र खरेंखुरें असतें. बोटींत उभ्या माणसाच्या नजरेला पाण्याची कड अवघ्या पांच किलोमीटरांवर दिसते; त्यापलीकडे सड्यांचे माथे तेवढे तरंगत राहतात, आणि धुकट हवेंत तेहि नाहींत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचें नांव मिरवणारी आंग्रिया बँक म्हणून पाण्याखालची मोठी प्रवाळभूमि आहे. तिचें नांव ऐकून पुष्कळांना तेथें जाण्याची हौस होते. एका दिवसाच्या भाड्याच्या बोटीचें तें काम नव्हे. नवशिक्याला किनाऱ्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावरचे पाण्याखालचे खडक पुरेसे आहेत. मासा खडकाच्या आसऱ्याला येतो. आणखी दूर गेल्यानें तो अधिक मिळतो असें नाहीं.

बोट मात्र आदल्या दिवशीं स्वतः पायऱ्या उतरून पाहावी. मासेमारीचा परवाना आणि उतारू नेण्याचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरा आहे काय, हें विचारण्यांत संकोच नसावा. जीवरक्षक जाकिटें माणशीं एक असावींत, आणि तीं हाताला लागतील अशीं उघड्यावर असावींत. माझ्या मतें धक्का सोडतांनाच अंगांत घालावींत. डिसेंबर २०२४ मध्यें मुंबईच्या बंदरांत, किनारा डोळ्यांसमोर असतां, उतारूंच्या बोटीला अपघात होऊन कित्येकांचे प्राण गेले. तेव्हां जाकीट खोल पाण्यासाठींच असतें असें कोणी म्हणूं नये. इंधनाचा नियम सोपा आहे: एक भाग जाण्यास, एक भाग येण्यास, आणि एक भाग ज्याची गरज पडूं नये अशा प्रसंगास. नांगराची दोरी तेथल्या खोलीच्या निदान पांचपट लांब आहे काय हें विचारावें, कारण यंत्र बंद पडलें तर बोटीला वाहूं न देणारी तेवढीच एक वस्तु असते. भ्रमणध्वनीचा भरंवसा थोड्याच अंतरापर्यंत. पुढें व्हीएचएफ बिनतारी संच लागतो; त्याची सोळावी वाहिनी संकटाच्या हांकेसाठीं राखलेली आहे, आणि तो चालूं कसा करावा हें पाहुण्यांपैकीं दोघांना तरी ठाऊक असावें, कारण प्रसंगीं तांडेलाचे दोन्ही हात सुकाणूवर असतात. ओळखपत्रें बरोबर घ्यावींत. २००८ सालीं मुंबईवर हल्ला करणारे लोक 'कुबेर' नांवाची मासेमारी बोट पळवून तिच्यांतून आले होते. तेव्हांपासून किनाऱ्यावरील तपासणी कडक झाली आहे, आणि तिचा राग खलाशांवर काढण्यांत अर्थ नाहीं.

आतां शरीराकडे वळूं. बोट लागणें हा भित्रेपणा नव्हे. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं आपण हलत आहों, आणि डोळे, समोरच्या फळीवर खिळलेले असले तर, सांगतात कीं आपण स्थिर आहों. या दोन साक्षींचा मेळ बसेना कीं पोट बंड करतें. म्हणून नजर दूर क्षितिजावर ठेवावी, बोटीच्या मध्यभागीं बसावें, यंत्राच्या धुरापासून दूर राहावें, आणि भ्रमणध्वनीकडे मुळींच पाहूं नये. गोळ्या मिळतात, त्या वैद्यास विचारून आणि निघण्यापूर्वीं तास-दोन तास घ्याव्या लागतात, कारण ओकारी सुरू झाल्यावर गोळी पोटांत राहत नाहीं. त्यांनीं झोंप येते हेंहि ध्यानांत असावें. आलेपाकाची वडी कित्येकांना उपयोगी पडते, मला पडते. उपाशीं जाणें आणि बटाटेवडे खाऊन जाणें, दोन्ही वाईट. भाकरीचा तुकडा किंवा केळें बरें. आदल्या रात्रीं जागरण आणि मद्यपान करून येणाऱ्या मित्राला किनाऱ्यावर ठेवण्याचें धैर्य मंडळींतील वडीलधाऱ्यानें दाखवावें. पाणी माणशीं तीन लिटर. पाण्यावरून परावर्तित झालेलें ऊन टोपीखालीं शिरून चेहरा भाजतें, म्हणून पुऱ्या बाह्यांचा सदरा नि गळ्याला पंचा.

गळ-दोऱ्यांची चर्चा हौशी लोक रात्र रात्र करतात. मी दोनच गोष्टी सांगतों. सुरमईचे दांत नायलॉनची दोरी सहज तोडतात, म्हणून गळाच्या वर वीतभर पोलादी तार हवी. आणि ताणलेली दोरी हाताला गुंडाळून कधींहि धरूं नये. मोठा कुपा लागला तर ती मांसांत शिरते. जाड हातमोजे घ्यावेत. पाकटाच्या शेपटीचा कांटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यांत बुडवून ठेवावी, आणि किनाऱ्यावर पोंचतांच डॉक्टरला दाखवावी. थर्मासमधलें गरम पाणी केवळ चहासाठीं नसतें. व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचें पूर्ण संरक्षण आहे, कासवांनाहि आहे. ते गळाला अडकले तर दोरी कापून सोडणें हेंच काम. लहान मासळीविषयींहि नियम आहेत: महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं पन्नासाहून अधिक जातींसाठीं किमान आकारमान ठरवून दिलें आहे. टीचभर मासा परत पाण्यांत सोडतांना हात आंखडतो खरा, पण हाताला पाणी लावून तो हळूच सोडावा. कोरड्या हातानें त्याचें खवल्यांवरचें संरक्षक बुळबुळीत आवरण निघून जातें.

घरच्या मंडळींशीं ज्याचा निकट संबंध आहे अशी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कुपा, सुरमई, बांगडा हे एकाच कुळांतले मासे. उन्हांत दोन-चार तास पडून राहिले तर त्यांच्या मांसांत जंतूंमुळें हिस्टॅमिन नांवाचें द्रव्य तयार होतें. मासा दिसण्यांत ताजा असतो, वासहि फारसा येत नाहीं. परंतु खाणाऱ्याचें तोंड लाल होतें, डोकें ठणकतें, अंगावर गांधी उठतात. हें द्रव्य कितीहि शिजवलें, तळलें तरी नाहींसें होत नाहीं, आणि मग दोष मसाल्याला दिला जातो. उपाय बर्फ हा एकच. जितका मासा तितकाच बर्फ, वजनास वजन. आणि तो फोडलेला, माशाच्या चहूंबाजूंनीं. छायाचित्रासाठीं मासा तासभर फळीवर निजवून ठेवणाऱ्यांनीं तो मासा घरीं नेऊं नये.

शेवटचें काम निघण्यापूर्वींच्या रात्रीं घरांत बसून करावयाचें आहे. एका कागदावर बोटीचें नांव आणि क्रमांक, तांडेलाचें नांव आणि त्याचा दूरध्वनि, बोटीवरील माणसांचीं नांवें, कोणत्या बंदरांतून कोणत्या दिशेस किती दूर जाणार, आणि किती वाजतां परतणार, एवढें लिहावें. त्याखालीं आणखी एक वेळ लिहावी: या वेळेपर्यंत आमचा निरोप आला नाहीं तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावें. ही दुसरी वेळ लिहिली नाहीं तर घरचीं माणसें, उगाच गवगवा नको म्हणून, काळोख पडेपर्यंत वाट पाहत बसतात, आणि काळोखांत बोट शोधणें फार कठीण असतें. आमच्या घरीं हा कागद दुधाच्या हिशेबाच्या वहीखालीं ठेवण्याची रीत आहे. परत आल्यावर हात धुण्याआधीं तो मी काढून फाडतों. पुतण्या बरोबर असला कीं तो फाडतो.